झाडूचं पान

मी पानं लिहितो. पुस्तकाची नव्हेत. संगणकाच्या काळ्या खिडकीत एखादा शब्द टाइप करून एंटर मारलं की त्यामागचं एक अवजार जागं होतं, काम करतं आणि पुन्हा झोपतं. अशा प्रत्येक अवजाराचं एक पान असतं. हे काय करतं, कसं चालवायचं, पुढे कुठलं अक्षर लावलं की त्याचं वागणं कसं बदलतं, ते सगळं त्या पानात. सुरळीत चाललेलं असताना पान कुणी उघडत नाही. अवजार रुसलं की लोक पानाकडे धावतात आणि पानात चूक सापडली की माझ्या अंगावर येतात.

आमचं ऑफिस म्हणजे आवाजांचं कोठार आहे. नाटकं, भाषणं, मुलाखती, पक्षी, कारखान्यांचे भोंगे, जे जे कधी टेपवर उतरलं ते इथे येतं आणि राहतं. भिंती जाड, दारांना आतून गाद्या मारलेल्या. दार लागलं की रस्ता एकदम नाहीसा होतो आणि स्वतःच्या कानातली गुणगुण ऐकू यायला लागते. नवीन माणसाला सुरुवातीला इथे सारखी झोप येते. मला अजून येते, पण मी ती डोळे उघडे ठेवून घेतो.

इथे आम्ही घरचेच तिघं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, रेकॉर्डिस्ट. वहिनी अवजारं बनवते. आणि मी त्या अवजारांची पानं लिहितो. लोक म्हणतात, यांनी कोठाराचं घर करून टाकलंय. म्हणोत. संध्याकाळी आम्ही जेवतोही एकाच टेबलावर, त्यामुळे ऑफिसातलं भांडण अर्धवट सोडावं लागत नाही, एवढी सोय नक्की आहे. ऑफिसात मला शंकासुर म्हणतात. ते नाव वहिनीनंच पाडलं आणि मग सगळ्यांनी उचललं.

दादाच्या कामाची एक पद्धत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कुणाचं बोलणं रेकॉर्ड करायला गेला की काम आटोपल्यावर तो सगळ्यांना गप्प बसवतो आणि मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड करतो. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. कुठे लांबचा पंखा असतो, कुठे भिंतीतली पाण्याची नळी, कुठे नुसतीच भरून राहिलेली हवा. पुढे बोलण्यातला एखादा खोकला कापला की तिथे भोक पडतं, आणि ते त्याच खोलीच्या शांततेनं बुजवावं लागतं. दुसऱ्या खोलीची चालत नाही, ठिगळ लगेच कळतं. हे सगळेच रेकॉर्डिस्ट करतात. पण काम झालं की बाकीचे ती शांतता टाकून देतात. दादानं एकही टाकली नव्हती. शाळेचे वर्ग, दवाखाने, कुणाचे दिवाणखाने, एक बंद पडलेलं पोस्ट ऑफिस, अशा रिकाम्या खोल्यांनी कोठाराच्या संगणकातलं त्याचं कपाट भरलं होतं.

त्यातली एक खोली मात्र रिकामी नव्हती.

आमची आई दिवसभर बोलायची. आमच्याशी, शेजारणीशी, आणि कुणी नसलं तर शेगडीशी. दुधाला दम द्यायची, "वर येशील तर बघ." पण दादानं माइक पुढे केला की तिची वाचा बसायची. "माझा मेलीचा कसला आवाज ठेवतोस," म्हणायची आणि तोंडावर हात ठेवायची. लपूनछपून रेकॉर्ड करणं दादाला पटत नव्हतं, तो त्याला सरळ चोरी म्हणायचा. शेवटी एकदा नवा माइक तपासायला घरी आणला तेव्हा तो म्हणाला, "बरं, नको बोलूस. मिनिटभर नुसती बस." ते मात्र तिनं ऐकलं. खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवले, आणि खरोखर मिनिटभर गप्प राहिली. मी दारात उभा होतो. आईला एवढा वेळ गप्प मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यानंतर पाहिलं ते ती गेली तेव्हा.

तर आईचं म्हणून आमच्याकडे तेवढंच राहिलं, तिचं न बोललेलं एक मिनिट. दुपारचं जेवण झालं की दादा ऐकण्याच्या खोलीत जायचा, हेडफोन लावायचा आणि ते ऐकायचा. त्याचे कान हल्ली जायला लागले होते. बारीक आवाज आधी जातात, मग हळूहळू बाकीचे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. चिमण्या तर गेल्याच होत्या. "आहे तोवर ऐकून घेतो," एवढंच तो म्हणे. त्या मिनिटाची दुसरी प्रत त्यानं काढली नव्हती. अख्ख्या जगाच्या आवाजांच्या प्रती काढून ठेवणारा हा माणूस, आणि स्वतःच्या आईचं मिनिट एकुलतं एक! हे मी आज रागानं लिहितोय. तेव्हा मला ते ठाऊकही नव्हतं.

मग कोठाराच्या मुख्य बाईंनी जाहीर केलं की सगळं नव्या यंत्रावर हलवायचं आणि जुनं यंत्र पुसून टाकायचं. हलवाहलवीत सगळी भिस्त अवजारांवर. म्हणून बाईंनी मला बोलावलं. "पानात लिहिलंय तशीच अवजारं वागतात का, ते एकेक करून बघा," त्या म्हणाल्या.

"म्हणजे आता शंका घेण्याचा पगार?" मी विचारलं.

"तो तर तुम्ही आधीपासूनच घेताय," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

ते दिवस मला झोपेत पाहिल्यासारखे आठवतात. माझी खोली कोपऱ्यातली, खिडकीला दुधी काच. बाहेर ऊन आहे की ढग, ते काच किती पांढरी झाली त्यावरून ओळखायचं. स्क्रीनवर डावीकडे पान, उजवीकडे काळी खिडकी. पान वाचायचं, अवजार चालवायचं, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना दिसली की लिहून ठेवायचं. आणि दिसायची हो. 'शोध' घ्या. पान म्हणतं, काही सापडलं नाही तर हे अवजार ताबडतोब संपतं. प्रत्यक्षात काही सापडलं नाही की ते जरा वेळ घुटमळतं आणि मगच संपतं. मी वहिनीला जाऊन विचारलं, तर म्हणाली, "एवढ्यात नाही म्हटलं तर लोकांना वाटतं शोधलंच नाही. म्हणून थोडं थांबायला लावलंय." 'जोड' दोन फिती (संगणकातल्या रेकॉर्डिंगना आम्ही अजून फितीच म्हणतो) एकमेकींना चिकटवतं, मधे काहीही न ठेवता, असं पानाचं म्हणणं. मी कान लावून ऐकलं, तर मधे एक श्वास मावेल एवढी फट होती. आणि 'थांब' नावाचं अवजार कशानंही थांबत नव्हतं. मशीन बंद केलं तेव्हा थांबलं.

मला या सगळ्याची गोडीच लागली. दुपारी काच पांढरीशुभ्र झाली की डोळे जड व्हायचे, आणि पान कुठे संपलं आणि अवजार कुठे सुरू झालं ते कळेनासं व्हायचं. एकदा डुलकीत मला दिसलं की एका लांब खोलीत पानातली अवजारं एका भिंतीशी उभी आहेत आणि खरी अवजारं समोरच्या भिंतीशी. दोन्हीकडे नावं तीच. पण कुणी कुणाला ओळख देत नव्हतं, लग्नात चुकीच्या हॉलमध्ये शिरलेल्या पाहुण्यांसारखी सगळी अवघडून उभी होती. मी मधून चालत होतो आणि मला कुणाचीही बाजू घ्यावीशी वाटत नव्हती. जागा झालो तेव्हा चहा गार झाला होता.

असाच एक दिवस झाडूची पाळी आली.

झाडू सगळ्या फितींमधून फिरतो, जिच्यात कुणाचाच आवाज नाही अशी फीत उचलतो आणि बाजूच्या कपाटात नेऊन ठेवतो. ठेवताना दोन तऱ्हा आहेत. एक, फीत आहे तशी ठेवायची. दुसरी, आतलं सगळं पुसून शून्य करायचं, फक्त नाव आणि लांबी तशीच राखायची, म्हणजे यादीत खाडा पडत नाही. पान म्हणत होतं की नुसता झाडू चालवला तर फिती जशाच्या तशा राहतात, आणि पुढे एस हे अक्षर लावलं तर पुसल्या जातात. मी खोट्या फितींवर चालवून पाहिला. नुसता चालवला, सगळं शून्य. एस लावला, सगळं सुखरूप. म्हणजे पानाच्या बरोबर उलटं.

मी कपाळावर हात मारला. मग विचार केला, इतकी वर्षं कुणाचं काही बिघडलं कसं नाही? तर जुन्या लोकांनी पान कधी वाचलंच नव्हतं. कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं, झाडूला एस लावायचा, आणि ते सगळ्यांच्या हातात बसलेलं. दादाची बोटं तर न विचारता एस लावून मोकळी व्हायची. मुळात पान आधी लिहिलं गेलं होतं, वहिनीच्या कच्च्या आराखड्यावरून, आणि झाडू नंतर बनला. बनवताना तिचं मन बदललं आणि पानाला सांगायचं राहून गेलं, इतकी साधी गोष्ट.

संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. वहिनीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग झाडू बदलायला हवा."

"झाडू कशाला? पान बदलायला हवं," मी म्हणालो.

"पान म्हणजे दिलेला शब्द असतो, भावोजी. अवजारानं शब्दाला जागायला नको का?"

"पान म्हणजे फोटो असतो, वहिनी. माणसाचं नाक वाकडं असेल तर फोटोत वाकडंच दिसलं पाहिजे. नाहीतर तो लबाड फोटो."

"नाक माझं आहे. मी ते सरळ करीन, तुम्ही कोण विचारणार?"

"आणि त्या नाकाची सवय झालेल्या लोकांचं काय?"

"त्यांना पान वाचायला सांगा. लिहिता कशाला नाहीतर?"

हे मात्र माझ्या वर्मी लागलं. मी आवाज चढवला. तिनंही चढवला. दादा जेवत होता. त्याला अर्धं ऐकू आलं नसावं, पण आमची तोंडं बघून त्यानं विचारलं, "कशावरून चाललंय?"

"झाडू," आम्ही दोघं एकदम ओरडलो.

"बरं, चालू द्या," तो म्हणाला आणि त्यानं आणखी भात घेतला.

त्या दिवशी झोपताना आम्ही दोघांनी आपापल्या मनाशी एकच ठरवलं, की उद्या हा वाद कायमचा मिटवून टाकायचा. सकाळी मी माझ्या खोलीचं दार लावून पान बदललं: नुसता झाडू पुसतो, एस लावला तर राखतो. त्याच सकाळी, जिन्याच्या वरच्या खोलीत दार लावून, वहिनीनं झाडू बदलला: नुसता झाडू राखतो, एस लावला तर पुसतो. ती जुन्या पानाला जागली आणि मी जुन्या झाडूला. दोघांची कामं चोख झाली.

संध्याकाळी मी सहज म्हणतोय असं दाखवत म्हणालो, "झाडूचं झालं हं दुरुस्त."

"हो, झालं ना," वहिनी म्हणाली.

मला वाटलं, हिनं माघार घेतली. तिला वाटलं, मी घेतली. मला खरं सांगायचं तर तिची दया आली. मी तिला आग्रहानं भाजी वाढली. तिनं पातेल्यातला शेवटचा बटाटा माझ्या ताटात घातला. हरलेल्या माणसाशी वागावं तसे आम्ही दोघं एकमेकांशी अगदी गोडीनं वागत होतो.

दादा आमच्याकडे आलटून पालटून बघत होता. "म्हणजे पान आणि झाडू आता एकमेकांशी बोलतात?"

"बोलतात," आम्ही दोघंही म्हणालो.

"मग उद्या माझं कपाट झाडून घेतो. खोल्या सगळ्या बाजूला काढून ठेवल्या की नव्या यंत्रावर नीट जातील."

"चालवायच्या आधी पान वाच," मी म्हणालो. "जन्मात एकदा तरी वाच, दादा."

आणि त्यानं वाचलं. दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत आला, खुर्चीमागे उभा राहिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून पान वाचलं, लहान मुलासारखे ओठ हलवत. शेवटपर्यंत आला आणि हसला. "म्हणजे एस लावायचाच! बघ, इतकी वर्षं माझी बोटं बरोबरच सांगत होती." त्याला इतका आनंद झाला होता की त्यानं माझ्या डोक्यावर टप्पल मारली. मग तो आपल्या जागेवर गेला. त्याच्या कीबोर्डचा आवाज माझ्या खोलीपर्यंत येत होता, आणि मी त्या ठेक्यावर डोळे मिटून छान पेंगत होतो.

नंतर हलवाहलव झाली. नवं यंत्र भरलं, जुनं पुसलं. मुख्य बाईंनी केक आणला आणि सगळ्यांचे आभार मानले, माझे जरा जास्तच.

पण माझा स्वभाव मला स्वस्थ बसू देतो थोडाच! सगळं उरकल्यावर, नुसत्या समाधानासाठी, मी नव्या यंत्रावर एकेक पान पुन्हा पडताळायला घेतलं. झाडूशी आलो. एस लावला. सगळं शून्य. मला वाटलं, मीच झोपेत उलटं वाचतोय. उठलो, तोंड धुतलं, पुन्हा चालवला. पुन्हा शून्य. मी जिन्याकडे धावलो.

"वहिनी, झाडूला हात लावलास?"

"लावणारच. पानात होतं तसा केला."

"कुठल्या पानात?"

मग तिनं पान उघडलं आणि वाचलं. तिचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघायला लागलो. तिनं दादाचं बाजूचं कपाट उघडलं. सगळ्या फिती होत्या. नावं बरोबर, लांबी बरोबर. 'शाळा, दुसरा मजला.' 'पोस्ट ऑफिस.' 'आई, खुर्चीत.' तिनं ती शेवटची उघडली. आवाजाची स्क्रीनवर रेघ दिसते. शांततेचीही दिसते, आणि ती कधी सरळ नसते, तिला बारीक लव असते. ही रेघ पट्टीनं ओढलेली होती.

मी संतापलो. न विचारता झाडू का बदललास म्हणून मी तिला नको नको ते बोललो. तिनं रडत रडत मला विचारलं की पान बदलताना तुम्ही मला विचारलं होतं का. आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो. ती माझी वहिनी झाली तेव्हापासून आमच्यात भांडणं खूप झाली, पण भांडून झाल्यावर काय करायचं हे न सुचण्याची ती पहिलीच वेळ होती.

"दुसरी प्रत?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. "मी कितीदा म्हटलं त्यांना. म्हणायचे, आईची कॉपी काय काढायची."

"जुनं यंत्र पुसलं."

"हो."

"कोण सांगणार त्याला?"

"दोघं," ती म्हणाली आणि तिनं डोळे पुसले.

जेवणाची वेळ होऊन गेली होती, म्हणजे दादा ऐकण्याच्या खोलीत असणार. तिथे खिडकी नाही, एक पिवळा दिवा आहे आणि एक जुनी आरामखुर्ची. दादा नेहमीसारखाच बसला होता. हेडफोन लावलेले, डोळे मिटलेले, हात मांडीवर. समोरच्या स्क्रीनवर ती सरळ रेघ हळूहळू पुढे सरकत होती. त्याचा चेहरा शांत होता. जरासा हसराच.

मी दारातच थांबलो. त्याला कळलेलं नाही, मला वाटलं. कान इतके गेलेत की आई आहे की नाही हेही ह्याला आता कळत नाही. आणि पाठोपाठ असंही वाटलं, की मग सांगूच नये. त्याच्यापुरती ती अजून त्या खुर्चीत बसलेली असेल तर मी कोण तिला उठवणार? आयुष्यभर मी जे आहे ते लिहा म्हणत आलो आणि त्या दारात मला जे नाही तेच हवं झालं होतं. वहिनीनं माझी बाही घट्ट धरली होती. ती खोली, तो दिवा, तो हसरा चेहरा, सगळं इतकं मऊ होतं की मला तिथेच भिंतीला टेकून झोपून जावंसं वाटलं.

"दार लावून घ्या," दादा डोळे न उघडता म्हणाला. "सापडलं वाटतं तुम्हाला."

आम्ही आत गेलो. वहिनी त्याच्या पायाशी खाली बसली.

"तुला माहीत आहे?" मी विचारलं.

"त्याच दिवशी कळलं. हेडफोन लावले आणि खाली जमीनच नव्हती." त्यानं डोळे उघडले. "कान गेलेत माझे, पण शून्य ऐकू येतं मला. आईच्या मिनिटात हवा होती रे. ह्यात हवा नाही."

"मग बोलला का नाहीस?" मी ओरडलोच.

"काय बोलू? तुम्ही दोघं इतक्या वर्षांत पहिल्यांदा गोडीत होतात. ही तुला बटाटा वाढत होती. म्हटलं, जाऊ देत चार दिवस." मग म्हणाला, "आणि एस मी लावला. माझ्याच बोटांनी."

"पान मी लिहिलं," मी म्हणालो.

"आणि झाडू माझा," वहिनी म्हणाली.

"बाकीच्या खोल्यांचं काही नाही," दादा म्हणाला. "खोल्या आहेत तिथेच आहेत. पुन्हा जाता येईल."

मग वहिनीनं हळूच विचारलं, "मग रोज इथे बसून काय ऐकता तुम्ही?"

त्यानं हेडफोन काढले आणि माझ्या हातात दिले. "लाव," म्हणाला. "बस तिथे." मी बसलो, लावले. एका बाजूचा जरा वर सरकवून ठेवला, त्याचं बोलणं ऐकू यावं म्हणून. त्यानं फीत पहिल्यापासून सुरू केली. एका कानात काहीच नव्हतं, अगदी काहीच नाही, आणि दुसऱ्या कानात माझा भाऊ हलक्या आवाजात सांगत होता.

"आधी नुसती खोली. बाहेर कुणीतरी सायकल लावतंय. आता खुर्ची वाजली, ती मागे टेकली. पदराशी चाळा करतेय, ते कापड घासतं ते. आता श्वास धरला तिनं, श्वासाचाही आवाज येऊ नये म्हणून. बघ, किती वेळ धरते. वेडी. सोडला. नाकातून, हळू. दारात तू उभा आहेस, तुझं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर गेलं, फळी वाजली. तिनं तुझ्याकडे बघितलं असणार, कारण हसू दाबल्याचा आवाज आहे, घशात. इथे. आता पुन्हा नुसती खोली. नळ ठिबकतोय. तिला उठून तो बंद करायचाय, बघ, खुर्ची जराशी पुढे आली. पण नाही उठली. मी सांगितलं होतं ना, बसून राहा."

रेघ शेवटाकडे आली होती.

"आता ती तोंड उघडते," दादा म्हणाला. "ओठ सुटे होतात त्याचा आवाज येतो. श्वास घेते. काहीतरी विचारणार आहे. आणि तिथे मी बटण दाबलं."

रेघ संपली. मला काय ऐकू आलं ते मी सांगू शकत नाही. मी अवजारं तपासणारा माणूस आहे, त्या फितीत काही नव्हतं हे मी स्वतः पाहिलेलं आहे. पण त्या मिनिटात मी दारात उभा होतो आणि माझ्या पायाखाली फळी होती.

"बोलू द्यायला हवं होतं तिला," दादा म्हणाला. "एक शब्द. काय बिघडलं असतं?" आणि तो रडायला लागला. मोठ्यानं रडला. आपला आवाज किती मोठा झालाय, ते त्याला ऐकू येत नव्हतं. वहिनीनं त्याचे दोन्ही हात धरून ठेवले. गाद्या मारलेल्या त्या दारामागे आम्ही तिघं किती वेळ होतो कोण जाणे, बाहेर कुणाला काही कळलं नाही.

त्याच दुपारी वहिनी आणि मी एका टेबलाशी, एका स्क्रीनपुढे बसलो आणि झाडू आणि पान एकदाचे जुळवले. कोण कुणाप्रमाणे बदललं हे मी सांगणार नाही, कारण ते आता आमच्या दोघांपैकी कुणालाही महत्त्वाचं वाटत नाही. काम झाल्यावर मी उठायला लागलो तर ती म्हणाली, "तळाशी दोषही लिहा, भावोजी." पानाच्या तळाशी तशी जागा असते, अवजाराचे माहीत असलेले आणि अजून न काढलेले दोष सांगण्यासाठी.

"दोष तर आत्ताच काढला," मी म्हणालो.

"तो नव्हे."

मी बोटं पुन्हा कीबोर्डवर ठेवली. मग एकच वाक्य लिहिलं. 'रिकामी खोली आणि जिच्यात कुणीतरी गप्प बसलं आहे अशी खोली, यांतला फरक झाडूला कळत नाही.'

"हे काढता येईल तुला?" मी विचारलं.

वहिनीनं विचार केला. खरंच केला, मला दिसलं. "नाही," ती म्हणाली. "मला नाही जमायचं."

दादाला आम्ही बोलावलं. तो माझ्या खुर्चीमागे उभा राहिला आणि त्यानं ओठ हलवत सगळं पान वाचलं, अगदी वरपासून. शेवटच्या वाक्याशी आला तेव्हा ओठ थांबले. माझ्या खांद्यावरचा त्याचा हात जड झाला.

"हे बरोबर आहे," तो म्हणाला. "हे असंच राहू दे."